दोनदा लागलेली बातमी

आमच्या जुन्या ऑफिसातली माणसं आता चार गावांना पांगली आहेत. कधी लग्नाकार्यात गाठ पडली की जुने विषय निघतात, हसणं-खिदळणं होतं आणि मग कोणीतरी नजीरभाईंचं नाव घेतं. त्याबरोबर सगळे कानकोंडे होतात. कोणी ताटातलं लोणचं सरकवतं, कोणी उगाच पाण्याचं विचारतं. माणूस वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळे झालो असतो. तो तसा नव्हता, हीच तर पंचाईत आहे.

मारुती मंदिराजवळ एका औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. लोकांना वेबसाइट करून द्यायची, असा धंदा. साल दोन हजार एक. रत्नागिरीतल्या निम्म्या लोकांना वेबसाइट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना ती फुकट हवी होती. मी पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडलेली, लांज्याकडची, तोंडाला कुलूप नसलेली. पहिल्याच दिवशी मला नजीरभाईंच्या शेजारचं टेबल मिळालं. मी माझं गाव, घर, मार्क, आवडीनिवडी, पुढे काय करायचा विचार आहे, असं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातला कामाचा काय?"

मी गडबडले. म्हटलं, "नाव स्वाती. आजपासून इथं."

"हां. मग त्यात इतका पाणी कशाला घातला?"

पहिल्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशीही आला. नंतर सवय झाली.

नजीरभाई राजिवड्याचे. वीस-बावीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. कट-कड-कट करून संदेश पाठवायचे, आलेले उतरवून कप्तानाला द्यायचे. मग जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि त्या खुर्चीची गरजच संपली. "माझी नोकरी वरच्या वर आभाळातनं गेली," असं ते म्हणत, आणि यावर हसायचं की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. घरी येऊन गप्प बसायच्या वयात ते कॉम्प्युटर शिकले. आमच्या मालकांना सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा होता. मुंबईहून कोणी यायला तयार नव्हतं, आणि नजीरभाई चालत येण्याच्या अंतरावर होते.

उंच, वाळलेले, कायम पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशात लहानसा कंगवा. उजव्या हाताची बोटं टेबलावर सतत टकटक करत असायची. कोणी फार बोलायला लागलं की ती टकटक वाढे. आम्हा पोरांची खात्री होती की ते त्या भाषेत आम्हाला शिव्या घालतात. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाले, "शिवी लांब असते. मी फक्त 'थांब' म्हणतो."

काटकसर त्यांच्या हाडात होती. समुद्रावर पाणी मोजून मिळतं, शब्दही मोजून पाठवायचे, त्यामुळे असेल. पेल्यात अर्धंच पाणी घेत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांवर कामं लिहीत. मी एका गिऱ्हाइकाला "आपण दाखविलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत" असं सुरू होणारं पानभर पत्र लिहिलं होतं. नजीरभाईंनी ते वाचलं, पेन घेतलं आणि शेवटी एवढंच उरलं: "काम झालं. बघा. आवडलं नाही तर लवकर कळवा." गिऱ्हाईक खूश झालं. मला मात्र कोणीतरी भर बाजारात माझी वेणी कापल्यासारखं वाटलं होतं.

एकाच बाबतीत ते शब्द वाचवत नसत. माणसांच्या बाबतीत. कोणी म्हणालं, "साळवींचा फोन होता," की यांचा प्रश्न तयार: "कोणता साळवी?" खेडशीचा की शिरगावचा, शाळेतला की गॅरेजवाला, हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. खाडीकाठच्या गावांत एका नावाची पाच-पाच माणसं असतात. कोण वरच्या मोहल्ल्यातला, कोण बंदरावरचा, कोणाचा बाप कोणत्या बोटीवर होता, हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि ते पाठ आहे याचा त्यांना गर्वही होता. साधा-सुधा नव्हे, चांगला इस्त्री केलेला गर्व.

आता थोडं कामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आपण एखादं पान उघडतो तेव्हा लांबच्या सर्व्हरकडून फाइल येते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण सर्व्हर नुसती फाइल पाठवत नाही. आधी चार ओळी पुढे धाडतो. येणारी वस्तू चित्र आहे की मजकूर, केवढी आहे, उघडून दाखवायची की जपून ठेवायची, ठेवायची तर किती दिवस. या ओळी ब्राउझर वाचतो, माणसाला त्या दिसत नाहीत. त्यांना हेडर म्हणतात. आम्हा पोरांना त्यांत काडीचा रस नव्हता. सर्व्हर त्याचं तो काय ते पाठवतो, आपण कशाला नाक खुपसा? नजीरभाईंना मात्र हेडरची ओळख झाली तेव्हा परदेशात गावचा माणूस भेटावा तसा आनंद झाला होता म्हणे. जहाजावरही संदेशाच्या आधी असंच पाठवावं लागे. जहाज कोणतं, संदेश कितवा, शब्द किती, वेळ काय, पाठवणारा कोण. ते हेडरला 'वर्दी' म्हणत. "आधी वर्दी, मग माल," हे त्यांचं पालुपद. "वर्दी चुकली तर सोन्यासारखा माल पण भंगारात जातो."

याचा प्रत्यय आम्हाला गुहागरच्या एका लॉजवाल्यामुळे आला. त्याच्या साइटवर खोल्यांचं माहितीपत्रक ठेवलं होतं, लोकांनी ते उतरवून घ्यायचं. पण कोणी त्यावर टिचकी मारली की पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि उलट्यासुलट्या रेघांचा पूर यायचा. आम्ही दोन-तीन दिवस ती फाइल परत परत बनवत होतो. शेवटी तो गृहस्थ सकाळच्या एस्टीनं येऊन थडकला. "माझ्या गिऱ्हाइकांना वाटतंय मी करणी केलीय," म्हणाला. नजीरभाई तोवर दुसऱ्याच कामात होते. त्यांनी मान वर केली, सर्व्हरची सूचनांची फाइल उघडली आणि दोन ओळी लिहिल्या. सर्व्हर त्या पत्रकाला साधा मजकूर समजून पुढे करत होता. आता तो सांगू लागला की हे पत्रक आहे, पडद्यावर सांडू नकोस, जपून ठेवायला दे आणि नाव अमुक दे.

"एवढंच होतं तर इतके दिवस काय झोपा काढत होतात?" लॉजवाला ओरडला.

"पोरं फाइलीला औषध देत होती," नजीरभाई म्हणाले. "फाइलीला काय झालाच नव्हता."

वर्दीमध्ये आपल्याला हवी ती जास्तीची ओळही घालता येते. नजीरभाईंनी एक घातली होती. आमच्या सर्व्हरवरून जाणाऱ्या प्रत्येक फाइलीबरोबर ती जायची: ऑपरेटर, नजीर, रत्नागिरी. जगात कोणाला ती दिसायची नाही. मी म्हटलं, "शब्द वाचवता आणि हे कशाला?" तेव्हा ते चक्क रागावले. "ज्यानं पाठवला त्याचा नाव पायजे गो. उद्या काय झाला तर विचारायचा कोणाला?"

आमच्या मालकांनी एक साइट स्वतःची म्हणून काढली होती, गल्फमध्ये गेलेल्या लोकांसाठी. खाडीकाठच्या घराघरांतला कोणी ना कोणी कुवेतला, दोह्याला, दम्मामला. त्यांना गावच्या बातम्या मिळाव्यात आणि आम्हाला तिकीटवाल्यांच्या नि सोनारांच्या जाहिराती. ही साइट नजीरभाईंच्या हाती होती आणि त्यांचा तिच्यावर जीव होता. अडचण अशी की तिकडच्या कॅफेतल्या मशीनवर मराठी अक्षरं नसायची. बातमी उघडली की नुसती खिचडी. म्हणून आम्ही प्रत्येक बातमी इथं टाइप करून तिचं चित्र बनवायचो आणि ते चित्र लावायचो. चित्रं जड, तिकडची लाइन हळू. बिचारी माणसं अर्धा वेळ रेघ पुढे सरकायची वाट बघत बसत. नजीरभाईंच्या काटकसरी जिवाला ते बघवेना. त्यांनी चित्रांच्या वर्दीत लिहून टाकलं की हे चित्र महिनाभर स्वतःजवळ ठेव, तोवर पुन्हा मागायला येऊ नकोस. एकदा उतरलेलं चित्र मग क्षणात उघडायला लागलं. दोह्याहून, कुवेतहून शाबासकीचे निरोप आले. प्रत्येक नव्या बातमीच्या चित्राला नवं नाव असायचं, त्यामुळे जुनं चित्र आड यायचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न फक्त लावलेली बातमी बदलावी लागली तरच आला असता. आणि नजीरभाईंच्या बातमीत बदल करायची वेळ कधी आलीच नव्हती. "बावीस वर्षांत माझा एक संदेश दुरुस्तीला परत नाय आला," हे ते स्वतःहून सांगत. इतर काहीच स्वतःहून सांगत नसत.

सगळ्यांत जास्त उघडलं जायचं ते मय्यतीचं पान, म्हणजे गावाकडे कोण वारलं त्याच्या बातम्यांचं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तिकडची माणसं आधी ते बघत, मग लग्नं, मग बाकीचं.

एका सकाळी मालगुंडच्या पुढल्या एका खाडीकाठच्या गावातून फोन आला. लाइनीत खरखर फार. नजीरभाईंनी दोनदा "मोठ्यानं बोल" म्हटलं. "इस्माईल गेले, बरेच दिवस आजारी होते ते," एवढं त्यांना ऐकू आलं आणि फोन कटला. एरवी त्यांनी उलटा फोन लावून "कोणता इस्माईल?" असं विचारलं असतं. त्या दिवशी नाही विचारलं. त्या गावात अंथरुणाला खिळलेला इस्माईल कोण, हे त्यांना ठाऊक होतं ना! बंदरमोहल्ल्यातले इस्माईल तांडेल, ज्यांचा मुलगा अश्रफ सौदीला आहे. त्यांनी पूर्ण नाव, मोहल्ला, मुलाचं नाव घालून बातमी लिहिली, चित्र बनवलं, लावलं. सगळं मिळून एका चहाच्या आत.

गेलेले इस्माईल वरच्या मोहल्ल्यातले होते.

हे संध्याकाळी कळलं. दोह्याहून कोणीतरी सांत्वनाला बंदरमोहल्ल्यात फोन केला आणि तिकडून आम्हाला फोन आला. म्हाताऱ्याला ओट्यावर टेकवून बसवलंय, पेज पितोय, आणि तुम्ही काय लावलंय? नजीरभाईंची मान एकदम कोणीतरी दाबल्यासारखी खाली गेली. त्यांनी काही न बोलता बरोबर नावाचं नवं चित्र केलं आणि जुन्याच नावानं जुन्याच जागी चढवलं. जुनं पुसलं, नवं बसलं. आमच्या मशीनवर पान ताजं करून पाहिलं, बरोबर दिसत होतं.

मी विचारलं, "दुरुस्ती म्हणून वेगळी बातमी लावायची का? ज्यांनी सकाळी वाचलं असेल त्यांच्यासाठी?"

"कशाला? आता बरोबर हाय ना?"

"तरी पण..."

त्यांची बोटं टेबलावर वाजली. थांब. मी थांबले. तुमच्या-आमच्यासारखा माणूस अशा वेळी जीभ चावतो, माफ करा म्हणतो, संपलं. ज्याला तो शब्द उच्चारायची कधी पाळीच आली नाही त्याच्या तोंडून तो निघता निघत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तीनेक आठवड्यांनी बंदरमोहल्ल्यातले इस्माईल तांडेल खरोखरच गेले. या वेळी नजीरभाईंनी तीन घरी फोन करून खात्री केली आणि मगच बातमी लावली, नव्या नावाच्या नव्या चित्रात. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी घेतला.

"मॅडम, मी अश्रफ बोलतो. दम्मामच्या बाहेर कॅम्पवर हाय." आवाज फार अदबीचा होता. "तुमच्या पानावर माझ्या अब्बांची मय्यत दोन वेळा लागलीय. तारीख वेगवेगळी हाय. खरी कोणती, तेवढा सांगाल काय?"

मी म्हटलं, एकदाच लागली आहे. तो म्हणाला, नाही हो, दोन्ही माझ्या पुढ्यात आहेत, पहिली तर मी गेल्या महिन्यापासून बघतोय. मी आमच्या मशीनवर बघितलं, पहिल्या जागी वरच्या मोहल्ल्यातल्या इस्माईलचं नाव सरळ दिसत होतं. मला काही समजेना. "दोन कशा दिसतील?" असं मी फोनमध्ये मोठ्यानं म्हटलं आणि शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

नजीरभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "दुसरी," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "परवा. असरच्या नमाजानंतर." मग त्यांनी हळू आवाजात मयताची दुवा पुटपुटली. पलीकडून फोन ठेवला गेला होता तरी यांनी रिसीव्हर कानालाच धरलेला होता.

ते जागेवर बसले. मला तोवर उलगडा झाला नव्हता, त्यांना झाला होता. त्यांनी सर्व्हरची सूचनांची फाइल उघडली आणि महिनाभराची ओळ काढून टाकली. मी बघत होते. दुरुस्त चित्र त्याच नावानं लावलं होतं, आणि अश्रफच्या कॅम्पवरच्या मशीनला सांगून ठेवलेलं होतं की या नावाचं चित्र महिनाभर पुन्हा मागू नकोस. त्या मशीननं इमानेइतबारे ऐकलं. तेवढ्यात त्यांनी आणखी एक ओळ काढली, ऑपरेटर, नजीर, रत्नागिरी. मग फाइल बंद केली. मी तिकडे बघतच नव्हते असं दाखवलं. मोठ्या माणसाला असं लपताना पाहिलं की आपल्यालाच तोंड लपवावंसं वाटतं.

पुढे महिना-दीड महिना ते येत, काम करत, जात. टकटक बंद झाली होती. मालकांना त्यांनी काही सांगितलं नाही, मीही नाही. ऑफिसातल्या बाकीच्यांना हळूहळू कळलं, पण त्यांच्यासमोर कोणी विषय काढला नाही. त्यांचा दबदबा होता म्हणून नव्हे. अंगावरचं वस्त्र सुटलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, तसं.

आणि मग एक दिवस अश्रफ स्वतःच जिना चढून वर आला.

तिशी-पस्तिशीचा, उन्हानं रापलेला, हातात खजुराचा डबा. आभार मानायला आला होता. मला हे लिहितानासुद्धा लाज वाटते, की तो आभार मानायला आला होता. मालक बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी त्याला कौतुकानं आत आणलं. नजीरभाईंना बघून तो सलाम करून बसला. "चाचा, तुमचा पान नसता तर मना दुसऱ्या वेळेला पण कळला नसता," म्हणाला.

मग त्याचं तोच सांगत गेला. बापानं होडी विकली त्यावरून पाच वर्षांपूर्वी भांडण झालेलं. तेव्हापासून बोलणं बंद, फोन बंद. कॅम्प बदलले, नवा पत्ता घरी कळवलाच नाही. यंदा मात्र त्यानं मन घट्ट करून रजा मागितली, मिळालीही. न कळवता येऊन म्हाताऱ्यापुढे उभं राहायचं, असं ठरवलं होतं. आणि निघायच्या आठवड्यात पानावर बातमी दिसली. आता कोणासाठी जायचं? त्यानं आपली रजेची पाळी केरळच्या एका माणसाला देऊन टाकली. त्या माणसाच्या बहिणीचं लग्न होतं.

"घरी आलो तवा मोठ्या बहिणीकडनं, आपाकडनं कळला," तो म्हणाला. "अब्बांना सांगितलेला लोकांनी, की तुमची मय्यत गल्फमधे लागली. अब्बा हसले म्हणे. बोलले, बरा झाला, आता अश्रफ येईल. रोज सकाळी ओट्यावर बसवायला लावायचे. शेवटपर्यंत." त्यानं डबा टेबलावर ठेवला. "तिकडचा नेट भंगार हो, चाचा. जुनाच दाखवत बसतो."

"हो, हो," मालक लगेच म्हणाले, "तिकडे फार प्रॉब्लेम आहे. आमच्याकडे तक्रारी येतात."

त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, ते धंद्याचं बोलले. पण वाट सापडली होती. नजीरभाईंनी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. अश्रफ खजूर ठेवून, दुवा देऊन गेला असता.

नजीरभाई उठून उभे राहिले. "नेट बरोबर होता," म्हणाले.

मग त्यांनी समजवायला सुरुवात केली. सर्व्हर, चित्र, वर्दी, महिना. अश्रफ पाहुण्यासारखी मान डोलावत होता. "मशीनचा काय खरा नाय," मध्येच म्हणाला. नजीरभाई थांबले. ज्या माणसानं आयुष्यभर शब्द तोडले त्याला आता नेमके शब्द सापडत नव्हते. मी खाली बघत होते. पुन्हा बोलले तेव्हा आवाज निराळा होता.

"मशीनचा नाय, अश्रफ. मी नाव चुकलो. त्याच सांजेला बरोबर केला, पण गुपचूप. तुझ्या मशीनला मीच सांगून ठेवलेला, महिनाभर परत विचारू नको, म्हणून त्यानं नाय विचारला. आणि दुरुस्ती म्हणून वेगळी बातमी लावली असती तर ती तुला दुसऱ्या दिवशी दिसली असती. ही पोरगी बोलली पण होती. मी नाय लावली." त्यांनी अश्रफकडे सरळ पाहिलं. "मना लाज वाटली."

खालच्या दुकानातला रेडिओ वर ऐकू येत होता. मालक एकदा माझ्याकडे, एकदा नजीरभाईंकडे बघत होते. अश्रफ उठेल, ओरडेल, खुर्ची फेकेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं असंही वाटलं. तो बसूनच राहिला. मग म्हणाला, "फोन तर माझ्याकडं पण होता, चाचा. मोहल्ल्यातल्या दुकानाचा नंबर मना तोंडपाठ हाय. एक फोन करून कवा झाला, कसा झाला, इतका पण मी नाय विचारला. मना वाटला, दुकानवाला बोलेल, आता आठवण आली काय?" त्यानं खजुराचा डबा उगाच थोडा सरकवला. "माझी पण चूक हाय की."

कोणी दुसरा असता तर त्यानं हा हात धरला असता. दोघांनी मिळून रडून घेतलं असतं, आम्हीही डोळे पुसले असते आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं.

"तुझी तू बघ," नजीरभाई म्हणाले. "माझी मना दे. वाटून घेतली म्हणून कोणाची कमी नाय व्हणार."

अश्रफनं त्यांच्याकडे पाहिलं. मग उठला. दारात थांबून त्यानं सलाम केला. नजीरभाईंचे ओठ हलले, पण जबाब बाहेर आला की नाही ते मला ऐकू आलं नाही. डबा टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मय्यतीच्या पानावर सगळ्यांत वर एक नवं चित्र होतं. दुरुस्ती. त्यात सगळं होतं: कोणती बातमी चुकली, कशी चुकली, कोणामुळे चुकली, बदल करून तो का लपवला, त्यामुळे कोण बापाला भेटायचा राहिला. खाली नजीरभाईंचं पूर्ण नाव आणि राजिवड्यातला पत्ता. त्यांच्या हातून लिहिलं गेलेलं एवढं लांब काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यातला एकही शब्द तोडावा असं मला वाटलं नाही. दुपारी जाहिरात देणाऱ्या एका सोनाराचा फोन आला, आणि मालकांनी मला ते चित्र काढायला सांगितलं. मी नाही म्हणाले. मग त्यांनी ते दुसऱ्या मुलाकडून काढून घेतलं. नजीरभाई तोवर खिशातला कंगवा आणि लग्नपत्रिकांचे तुकडे घेऊन घरी गेले होते, ते परत आले नाहीत. मी राजिवड्यात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळेला भाभींनी आत बसवलं, सरबत दिलं, ते घरी नाहीत म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं. भाभींनी माझ्याकडे बघितलं, मी सरबत संपवलं आणि निघाले. नंतर गेले नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, पुण्याहून घरी जाताना मी रत्नागिरीच्या स्टँडवर लांज्याच्या गाडीची वाट बघत होते. गर्दी होती. माणसांच्या पलीकडे पांढरा इस्त्रीचा शर्ट दिसला. केस सगळे पिकलेले, खांदे थोडे पुढे आलेले, पण नजीरभाईच. हातात कापडी पिशवी. त्यांनी मला पाहिलं. मी पाहिलं, हेही त्यांनी पाहिलं. माझ्या तोंडून हाक निघणार तेवढ्यात ते वळले आणि गाड्यांच्या वेळापत्रकाच्या फलकासमोर जाऊन, वर मान करून वाचू लागले.

फलक नव्यानं रंगवायला घेतला होता. जुनी अक्षरं खरवडून सगळा पांढरा केलेला, वर अजून एकही गाव, एकही वेळ लिहिलेली नव्हती.

माझी गाडी लागली. रेटारेटीत चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. ते तसेच उभे होते. कंडक्टरनं दार लावलं, गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली, आणि तोवर त्यांनी त्या कोऱ्या फलकावरची नजर काढली नाही.